पामोना भाषा शिकायची तर सुरुवात कुठून करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. भाषाशास्त्रात एमए चालू आहे, राहणं पुण्यात, प्रबंधासाठी इंडोनेशियातली पामोना भाषा घ्यायची इच्छा आहे. पण नेटवर तिला कुठे पोसो म्हटलंय, कुठे बारे'ए म्हटलंय, कुठे सरळ तोराजाची बोली म्हणून टाकलंय, आणि जे काही खरं मटेरियल आहे ते सगळं जुन्या डचमध्ये. मग हे जमण्यासारखं आहे का, आणि जमत असेल तर हात कुठे घालायचा.

जमण्यासारखं आहे, नक्की घ्या. मी इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाच्या भाषांवर आणि त्यातही जुन्या डच शब्दकोशांवर बरीच वर्षं काम करतेय त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. बहुतेक विद्यार्थी आधी ग्रामर शोधतात, मग डिक्शनरी, आणि मग कधीतरी प्रत्यक्ष बोलणारी माणसं. पामोनाच्या बाबतीत माझा सल्ला असा की यातल्या कशालाही हात लावण्याआधी नावं घ्या, म्हणजे जागांची नावं, माणसांची नावं, गटांची नावं. या भाषेची यंत्रणा नावांमध्ये इतकी उघडी पडलेली असते की नकाशा आणि जुन्या ख्रिश्चन मिशनचा थोडा इतिहास एवढ्यावर अर्धं काम होतं, आणि तेवढं झाल्याशिवाय या भाषेचा तो जाडजूड जुना डच शब्दकोश तुमच्यासाठी बंदच राहतो. का ते खाली येईलच.

आधी भाषा कुठे आहे ते बघू. सुलावेसी बेटाच्या मध्यभागी पोसो नावाचा मोठा तलाव आहे, साधारण ३२० चौरस किलोमीटरचा आणि खोली चारशे मीटरच्या आसपास. त्याच्या उत्तर टोकाला तेन्तेना, दक्षिण टोकाला पेन्दोलो. तेन्तेनापाशी तलावातून पोसो नदी निघते आणि उत्तरेला तोमिनीच्या आखाताला मिळते, तिथे पोसो शहर. हा सगळा पट्टा, पूर्वेला तोजोकडचा भाग, मोरोवालीचा काही भाग आणि दक्षिणेला डोंगर उतरून लुवूकडची काही गावं, एवढ्या मुलखात ही भाषा बोलतात. आंतरराष्ट्रीय कोड पी-एम-एफ, तो लक्षात ठेवा कारण कॅटलॉगमध्ये शोधताना नावापेक्षा कोड जास्त उपयोगी पडतो.

नावाचा घोळ. बारे'ए म्हणजे त्या भाषेतला नकार, 'नाही'. मध्य सुलावेसीत शेजारच्या भाषेला तिच्या 'नाही'वरून ओळखायची पद्धतच आहे, कायलीच्या पोटभाषा लेदो, राई, तारा, दा'आ, इजा ही सगळी नावं अशीच पडलीत, आणि पश्चिमेकडच्या उमा भाषेचं नावही तसंच. डच लोकांनी बारे'ए हे नाव उचललं आणि पुस्तकांत तेच रुळलं. पामोना हे नाव मागाहून सगळ्या गटांना एकत्र घेणारं म्हणून पुढे आलं, आज सरकारी आणि चर्चच्या वापरात तेच आहे. पोसो हे आधी तलावाचं, नदीचं, शहराचं नाव, भाषेला लावलं की गोंधळ वाढतो कारण पोसो शहरात बुगिस, गोरोन्तालो, कायली, जावा असे सगळे लोक राहतात. तोजोच्या बाजूला मात्र बरेच जण अजूनही स्वतःला अभिमानाने बारे'एच म्हणवतात, तेव्हा हे जुनं नाव टाकाऊ समजू नका. प्रबंधाच्या शीर्षकात पामोना लिहा आणि पहिल्याच परिच्छेदात बारे'एचा उल्लेख करा, म्हणजे कुणी दुखावणार नाही आणि शोधणाऱ्यालाही सापडेल.

आता तोराजा. हा गैरसमज फार खोलवर गेलाय आणि त्याला कारणही आहे, कारण डचांनी मध्य सुलावेसीतल्या सगळ्याच डोंगरी लोकांना तोराजा म्हणून टाकलं, मूळ शब्द खालच्या बाजूचे लोक वरच्यांना उद्देशून वापरायचे तो. म्हणून १९१२ ते १९१४ मध्ये या लोकांवर आलेल्या मोठ्या तीन खंडी डच ग्रंथाचं नावही 'बारे'ए बोलणारे तोराजा' अशा अर्थाचं आहे. पण आज टुरिस्ट ज्यांना तोराजा म्हणून ओळखतात, रान्तेपाओकडचे, नावेसारख्या छपराची घरं बांधणारे, त्यांची भाषा वेगळ्या शाखेतली आहे, बुगिस, मकासार, मान्दार यांच्या बरोबरीची. पामोना ही कायली-पामोना शाखेतली, कायली, उमा, नापू, बादा यांची बहीण. दोन्ही ऑस्ट्रोनेशियन कुळातल्या हे खरं, पण तेवढं तर मलय आणि टागालोगही आहेत.

शाखा वेगळी हे पाठ करायची गरज नाही, कानाने कळतं. तोराजांच्या त्या घराला तोंगकोनान म्हणतात, शेवटी न् आहे. पामोनाचा कुठलाही अस्सल शब्द घ्या, शेवट स्वरावरच होणार. व्यंजनावर शब्द संपवायला ही भाषा तयारच नाही. मलयमध्ये चंद्र बुलान, पामोनात वुया. रस्ता जालान, इथे जाया. तांदूळ बेरास, इथे वेआ. शेवटचं व्यंजन गळालं, शब्दाच्या सुरुवातीच्या ब चा व झाला, आणि पहिल्या दोन शब्दांत मधल्या ल चा य झाला. दगड बातू तो इथे वातू. पण नियम लगेच सरसकट लावायला जाऊ नका, कारण पाच म्हणजे लिमा तसाच राहिला, तिथे ल हलला नाही, आणि घराला बानुआ म्हणतात तिथे ब जागच्या जागी आहे. कुठे बदलला, कुठे नाही आणि का, हाच तर तुमचा अभ्यास.

बरं, आता नावं. मी तुम्हाला पाच नावं देते, कागदावर एकाखाली एक लिहून काढा. योन्दो म्पामोना, हा तेन्तेनाला नदीवर होता तो जुना लाकडी पूल. वातू म्पोगा'आ, तेन्तेनातले उभे दगड, जिथून पामोनांचे गट वेगवेगळ्या दिशांना पांगले असं सांगतात. बानुआ म्पोगोम्बो, तेन्तेनातलं सभागृह. तो विंगके म्पोसो, तलावाच्या काठावर राहणाऱ्या गटाचं जुनं नाव. आणि पुए म्पालाबुरू, मिशन यायच्या आधीपासूनचा निर्माता देव, ज्याने माणसाला घडवलं.

पाचही नावांत मधे एक म् येऊन बसलाय. पामोना, पोसो, पालाबुरू या शब्दांच्या सुरुवातीला स्वतःचा म् नाहीये, तो दोन नामांच्या सांध्यातून आलाय. 'अमक्याचा तमका' म्हणायचं असेल की ही भाषा मधे एक अनुनासिक घालते, मूळचा न्, पण पुढच्या व्यंजनाप्रमाणे तो रूप बदलतो. प आला की म्, त किंवा द आला की न्, क आला की ङ्. मराठी माणसाला हे समजायला एक मिनिटसुद्धा लागू नये कारण आपला परसवर्ण हाच आहे, आंबा, अंत, अंक, एकच टिंब आणि तीन उच्चार. युरोपियन विद्यार्थ्यांना हे टेबल करून शिकवावं लागतं, तुम्ही शाळेतच शिकून आलात. योन्दो म्पामोना म्हणजे पामोनाचा पूल, तो म्हणजे माणसं, विंगके म्हणजे काठ, तो विंगके म्पोसो म्हणजे पोसोच्या काठची माणसं. रोमन लिपीत लिहिताना जुनी पद्धत अशी होती की अनुनासिक छोट्या अक्षरात आणि पुढचं नाव मोठ्या अक्षराने सुरू, त्यामुळे डोळ्याला लगेच कळतं की नाव कुठे सुरू होतंय. आजकाल ते सरसकट पाळलं जात नाही म्हणून जास्त लक्ष द्यावं लागतं.

उच्चाराचं एक सांगते कारण मराठी लोक इथेच अडकतात. आपण आंबा म्हणताना आं-बा असं तोडतो, अनुनासिक आधीच्या स्वराकडे जातो. पामोनात सगळे अक्षरखंड उघडे असल्यामुळे अनुनासिक पुढच्या व्यंजनाला चिकटलेला असतो, वा-तू-म्पो-गा-'आ, बा-नु-आ-म्पो-गो-म्बो. रेकॉर्डिंग ऐकून नक्कल करा आणि मुद्दाम स्वरावर थांबा. आणि ती मधली अपॉस्ट्रॉफी म्हणजे घशात क्षणभर अडणारा आवाज, स्पर्श घशातला, त्याला खरं व्यंजन समजा. मेसेज टाइप करताना तिथले लोक ती अपॉस्ट्रॉफी सर्रास गाळतात, त्यामुळे सोशल मीडियावरून शब्द गोळा करणार असाल तर प्रत्येक शब्द कुणाकडून तरी बोलून घ्या, नुसत्या लिखाणावर विसंबू नका.

याच यादीतून दुसरी गोष्ट निघते. म्पोगा'आ आणि म्पोगोम्बो यातला म् काढला की उरतं पोगा'आ आणि पोगोम्बो. आता क्रियापदं बघा, मोगा'आ म्हणजे वेगळं होणं, मोगोम्बो म्हणजे बसून बोलणं, विचारविनिमय करणं. म्हणजे मो- आला की क्रियापद आणि त्याचंच पो- झालं की नामाच्या जागी बसायला मोकळं. ही म आणि प ची जोडी ऑस्ट्रोनेशियन भाषांत दूरवर पसरलेली आहे पण पामोनात ती फार स्वच्छ दिसते. दोन्ही उपसर्ग सोलले की मूळ गा'आ आणि गोम्बो. पोसोचं ब्रीदवाक्य सिन्तुवू मारोसो, तिथल्या प्रत्येक सरकारी बोर्डवर असतं, त्यात तुवू म्हणजे जगणं, सिन्तुवू म्हणजे एकत्र जगणं, मोसिन्तुवू म्हणजे तसं जगण्याची क्रिया, आणि मारोसो मधला मा- हा गुण दाखवणारा, रोसो म्हणजे ताकद. सगळे हात धरून गोल करून नाचतात त्या नाचाचं नाव देरो, आणि नाचणं मोदेरो. बघा, अजून ग्रामरचं एक पानही उघडलं नाही आणि तुमच्याकडे षष्ठीचा सांधा, क्रियापदाचा उपसर्ग, त्याचं नामरूप आणि गुणवाचक उपसर्ग एवढं आलं.

माणसांची नावं तर आणखीनच बोलकी. या भाषेच्या इतिहासात पापा इ वुन्ते हे नाव वारंवार येतं, १९०९ च्या नाताळात ज्या पहिल्या मोठ्या गटाचा बाप्तिस्मा झाला त्याचा हा प्रमुख. हे त्याचं जन्माचं नाव नव्हे. पापा म्हणजे बाप, वुन्ते हे मुलाचं नाव, आणि मधला तो इ म्हणजे पुढे व्यक्तीचं नाव येतंय याची खूण. वुन्तेचे बाबा. आईसाठी इने इ अमुक. आपल्याकडे चाळीत 'बंड्याचे बाबा' म्हणतात तेच, फक्त तिथे हे औपचारिक आणि मानाचं. कारण मोठ्यांचं नाव तोंडाने घ्यायचं नाही हा कडक संकेत, आईवडिलांचं नाही, सासूसासऱ्यांचं तर नाहीच. नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या आणि घ्यायचंच झालं तर उखाण्यात घेणाऱ्या आपल्या आज्या पणज्यांना हे काही नवीन वाटलं नसतं. यातून व्यावहारिक धडा असा की वयस्कर माणसाला मुलाखतीच्या सुरुवातीलाच 'तुमच्या सासऱ्यांचं नाव काय' असलं विचारू नका. फॉर्म भरून घ्यायची आपल्याला इतकी सवय असते की ध्यानातच येत नाही.

सर्वनामांचं पण याच ओघात सांगून टाकते. याकू म्हणजे मी, सिको म्हणजे तू, आणि 'आम्ही' साठी दोन शब्द, कामी आणि किता. ऐकणारा बाहेर असेल तर कामी, ऐकणारा धरून असेल तर किता. इंग्रजीतून शिकणारे यावर अडखळतात, तुम्ही सरळ आम्ही आणि आपण असं वाचा, बरोब्बर बसतं. भारतातल्या बऱ्याच मोठ्या आर्यभाषांत हा भेद इतका स्पष्ट नाही, मराठीत आहे, त्याचा फायदा घ्या. मधे हिंदी किंवा इंग्रजी आणू नका, टिपणं थेट मराठीत काढा.

आता शब्दकोशाकडे येऊ. निकोलाउस आद्रियानी, जन्म १८६५, नेदरलँड्समधल्या लायडनला शिकलेला भाषाशास्त्रज्ञ, बायबल सोसायटीने पाठवलेला, १८९५ मध्ये पोसोला आला. त्याच्या आधी १८९२ मध्ये आल्बर्ट क्रौट आला होता, तो मिशनरी, जन्म जावाचाच. या दोघांनी मिळून तो तीन खंडी ग्रंथ लिहिला, त्यातला तिसरा, १९१४ चा, भाषा आणि वाङ्मयावरचा, तो आद्रियानीचा. १९२६ मध्ये आद्रियानी पोसोतच वारला आणि त्याच्यामागे १९२८ मध्ये शब्दकोश आला, १९३१ मध्ये व्याकरण, आणि १९३२-३३ मध्ये गोष्टींचा संग्रह. इंडोनेशियातल्या लहान भाषांपैकी इतकं खोल काम फार थोड्यांच्या वाट्याला आलंय. माझं प्रामाणिक मत सांगते, आद्रियानीइतका कान असलेला माणूस त्या काळात त्या बेटावर दुसरा नव्हता. मलय सगळीकडे चालते तर तीच शिकवा असा सोपा रस्ता असताना शाळा बारे'एतच चालली पाहिजे यावर हे दोघे अडून बसले.

पण शब्दकोश वापरायला दोन कुलपं आहेत. पहिलं स्पेलिंगचं. डच पद्धतीने ओ आणि ई ही रोमन अक्षरं जोडून आली की उच्चार उ. नुसतं जे म्हणजे य. डी आणि जे जोडून आले तर ज, टी आणि जे जोडून आले तर च, एन आणि जे म्हणजे ञ. म्हणजे आज वुया असं लिहितात तो चंद्र तिथे ओ-ई आणि जे घालून लिहिलेला दिसेल, आणि जाया म्हणजे रस्ता हा डी-जे ने सुरू होऊन पुन्हा मधे जे येईल. पहिल्या जे चा उच्चार वेगळा आणि दुसऱ्याचा वेगळा. एका कार्डवर हे पाच बदल लिहून पुस्तकाला लावून ठेवा, थोड्या दिवसांनी कार्डाकडे बघायची गरज पडत नाही.

दुसरं कुलूप मोठं आहे. शब्द मुळाखाली लावलेत, पूर्ण रूपाखाली नाही. तुम्ही कुठेतरी म्पोगोम्बो ऐकलंत आणि म मध्ये शोधलंत तर काही हाती लागणार नाही. आधी सांध्याचा अनुनासिक काढायचा, मग पो- काढायचा, मग ग मध्ये गोम्बो बघायचं, तिथे मोगोम्बो आणि बाकी सगळा गोतावळा एका जागी मिळतो. म्हणूनच मी नावांपासून सुरुवात करा म्हणते, ज्याने पुलाचं आणि सभागृहाचं नाव सोलून बघितलंय त्याला शब्दकोश उघडतो. ज्याने नाही बघितलं तो म चं प्रकरण चाळत बसतो आणि 'शब्द नाहीच दिला' असा निष्कर्ष काढतो. डचची भीती मात्र काढून टाका. बोलायची नाहीये, नुसती कोशातली व्याख्या वाचायचीये, आणि आद्रियानीची वाक्यं छोटी असतात. एक डच-इंग्रजी कोश शेजारी ठेवला की दोन महिन्यांत हात बसतो. व्याकरणाचं पुस्तक त्यापेक्षा जड आहे, ते शेवटी घ्या.

शब्दकोशाची आणखी एक बाजू आहे जी तुम्ही प्रबंधात उघडपणे मांडली पाहिजे. १९०५ मध्ये डच लष्कराने हा मुलूख ताब्यात घेतला, त्याआधी लोक टेकड्यांवरच्या वस्त्यांत राहायचे आणि डोंगरउतारावर कोरडवाहू भात पिकवायचे, लुवूच्या दातूला, म्हणजे राजाला, नावापुरता मान द्यायचे. त्यानंतर त्यांना खाली रस्त्याकडेला गावं वसवायला आणि पाण्याखालची भातशेती करायला लावलं. आद्रियानी त्याच्या दहा वर्षं आधी आला होता आणि त्यानंतर वीस वर्षं तिथेच राहिला, म्हणजे जुन्या शेतीचे, गावच्या लोबो नावाच्या देवळाचे, विधींचे शब्द वापरात असतानाच त्याने टिपले. जुन्या धर्मात विधी करणाऱ्या बहुतेक बायका होत्या, तादू म्हणायचे त्यांना, आजारी माणसाचा हरवलेला प्राण परत आणायला त्या मंत्रांतून आत्म्यांच्या जगात प्रवास करायच्या, आणि त्या मंत्रांची भाषा रोजच्या भाषेपेक्षा वेगळी, आडवळणाच्या शब्दांची. तीही त्याने नोंदवली. पण हे नोंदवणारा माणूस मिशनचाच होता, ज्या धर्माची भाषा तो टिपत होता तो धर्म जावा हे त्याच्या संस्थेचं ध्येय होतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि तुम्ही त्यातली एक लपवू नका. त्याचं काम मौल्यवान आहे म्हणून मिशनची पोथी गात बसू नका, आणि मिशनचं आहे म्हणून बाजूलाही टाकू नका.

आज भाषेचं काय चाललंय ते सांगते. बोलणारे एक लाखाच्या आसपास धरले जातात, पण लाख हा आकडा दिलासा देणारा नाही. घराघरात मुलांशी इंडोनेशियन बोलली जाते, म्हणजे तिथली मध्य सुलावेसीची बोलीभाषेतली इंडोनेशियन. लग्नं वेगवेगळ्या समाजांत होतात, तलावाभोवती बाली, तोराजा, जावा इथून आलेली माणसं राहतात, त्यामुळे चार जण बसले की सगळ्यांना येणारी भाषा इंडोनेशियनच. १९९८ ते २००१ या काळात पोसोत जो ख्रिश्चन-मुस्लिम हिंसाचार झाला, त्यात हजारो कुटुंबं विस्थापित झाली, बरेच ख्रिश्चन लोक पोसो शहर सोडून तेन्तेनाकडे आले, डिसेंबर २००१ मध्ये मालिनो शांतता करार झाला. गावं विस्कटली की भाषेचे शेजारपणाचे धागे तुटतात, हे तिथल्या वयस्कर लोकांच्या बोलण्यात येतं. हा विषय मुलाखतीत तुम्ही स्वतःहून काढू नका. त्यांनी काढला तर ऐका, आणि रेकॉर्डर बंद करू का हे विचारा.

भाषा अजून कुठे भक्कम आहे ते बघायचं तर चर्च, रीतिरिवाजांचे समारंभ आणि काम यांकडे बघा. मध्य सुलावेसीच्या ख्रिश्चन चर्चचं मुख्य कार्यालय तेन्तेनातच आहे, हे चर्च १९४७ पासूनचं. लग्नाच्या वाटाघाटीत, कयोरी म्हणून जी पदं गातात त्यात, आणि पादुंगकू या सुगीनंतरच्या सणात भाषा ऐकायला मिळते. पादुंगकू प्रत्येक गावाचा आपापल्या तारखेला असतो, त्या दिवशी घरं सगळ्यांना उघडी, पानात गुंडाळून शिजवलेला भात असतो त्याला इनुयू म्हणतात, पाहुण्याला ओळख लागत नाही. जाणार असाल तर तारीख अशी निवडा की दोन-तीन गावांचे पादुंगकू सापडतील, एका जागी बसून विचारण्यापेक्षा पंगतीत दुप्पट ऐकायला मिळतं.

कामाच्या शब्दांचं एक उदाहरण जवळून बघा. तेन्तेनाला तलावातून नदी निघते त्या तोंडाशी बांबूचे कुंपणासारखे सापळे लावायची जुनी पद्धत, त्यांना वायामासापी म्हणतात, मासापी म्हणजे इथली मोठी ईल, सापासारखा लांब मासा, तिला सोगिलीही म्हणतात. ही ईल तलावात वाढते आणि अंडी घालायला नदीने समुद्राकडे उतरते, तेव्हा तिची वाट अडवून पकडतात. एवढ्या एका कामाभोवती बांबूच्या भागांची, पाण्याच्या हालचालीची, रात्रीच्या अंधाराची, वाटणीच्या पद्धतीची कितीतरी नावं असतात, आणि सापळा लावणारा थांबला की ती नावं पुढच्या पिढीला विचारूनही सापडत नाहीत. दोनशे शब्दांची जी ठरावीक यादी सगळे विद्यार्थी घेऊन फिरतात, डोकं, हात, सूर्य, कुत्रा, ती पामोनासाठी शंभर वर्षांपूर्वीच भरून झालीये. तुम्ही पुन्हा भरू नका प्लीज. त्याऐवजी एक काम निवडा, मासेमारी किंवा भात किंवा घरबांधणी, आणि ते करणाऱ्या माणसाच्या शेजारी बसून त्याच्या हातातल्या प्रत्येक वस्तूचं आणि हालचालीचं नाव विचारा, मग ते आद्रियानीत आहे का बघा.

प्रबंधाचा विषय म्हणून मला हीच दिशा सगळ्यात चांगली वाटते, १९२८ च्या कोशातलं एक शब्दक्षेत्र घ्यायचं आणि आजच्या तीन वयोगटांत ते किती उरलंय ते तपासायचं. दुसरा विषय पूर्णपणे पुण्यात बसून होण्यासारखा आहे, पोसो तलावाभोवतीची गावं, नद्या, टेकड्या, धबधबे यांची नावं नकाशावरून गोळा करून त्यांचं रूपविश्लेषण. उए म्हणजे पाणी, उए ने सुरू होणारी नावं त्या मुलखात जागोजागी सापडतील, तोजोकडचं उएकुली वगैरे, तिथून सुरुवात करा. जाण्याचे पैसे नसतील किंवा वेळ नसेल तर हा विषय अजिबात कमी प्रतीचा नाही, उलट कुणी नीट केलेला मी बघितला नाही.

इंडोनेशियन मात्र आलीच पाहिजे, त्याला पर्याय नाही, आणि ती पामोनाच्या आधी शिका. सहा महिने रोज तासभर दिला तर गप्पा मारण्याइतकी येते, आणि त्यात गुरू, भाषा, राजा, अक्षर असे ओळखीचे शब्द भेटत राहतात त्यामुळे कंटाळा येत नाही. पण मुलाखतीत 'अमुक शब्दाला पामोनात काय म्हणतात' असं इंडोनेशियनमधून विचारलं की उत्तरही इंडोनेशियनच्या साच्यातलं येतं, शब्दांचा क्रम, क्रियापदाचं रूप सगळं. त्यापेक्षा गोष्ट सांगायला लावा. लाओलिता म्हणजे गोष्ट, हा शब्द उच्चारला तरी आजीचा चेहरा खुलतो, आणि एका गोष्टीतून जी वाक्यरचना मिळते ती शंभर प्रश्नांतून मिळत नाही. घरात शिरताना, कुणाच्या समोरून जाताना ताबे म्हणायला विसरू नका.

प्रत्यक्ष जायचं ठरलं तर टुरिस्ट व्हिसावर संशोधन करू नका, हे फार कळकळीने सांगते. परदेशी संशोधकाला तिथे ब्रिन या राष्ट्रीय संशोधन संस्थेची परवानगी लागते, स्थानिक विद्यापीठातला एक सहकारी दाखवावा लागतो, आणि गावात पोचल्यावर गावप्रमुखाला भेटून कागद दाखवावे लागतात. वेळ लागतो, त्यामुळे प्रबंधाच्या पहिल्याच सेमिस्टरला अर्जाला लागा. आणि जे रेकॉर्ड कराल त्याची एक कॉपी त्या कुटुंबाला आणि एक गावात ठेवायची तयारी आधीपासून ठेवा, नुसत्या पेनड्राइव्हवर देऊ नका, छापलेल्या पानांवर मजकूर द्या, अपॉस्ट्रॉफीसकट.

सध्या एवढंच करा: लायडन विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहात आद्रियानीचं नाव टाकून काय काय स्कॅन मिळतंय ते बघा, पोसो तलावाचा मोठा नकाशा डाउनलोड करा, आणि त्यावरची पहिली पन्नास नावं सोलून तक्ता करा, अनुनासिक वेगळा, उपसर्ग वेगळा, मूळ वेगळं. जिथे मूळ सापडणार नाही तिथे प्रश्नचिन्ह ठेवा, ओढूनताणून अर्थ लावू नका. तो तक्ता इथे टाकलात तर मी एकेक नाव बघून देईन.